नाशिक रोड ते तळोजा : जन्मठेपेच्या हिशेबाची हकीकत

१९६० सालच्या सप्टेंबरअखेर नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दप्तरी एका बंद्याच्या नावावर २,८९३ दिवसांची माफी जमा होती. तिचा तपशील असा : साधारण माफी ८३६ दिवस, विशेष माफी २०६, शारीरिक शिक्षणाबद्दल ११३, लेखन-वाचनाबद्दल १०८, वर्षभराच्या सद्वर्तनाबद्दल २५०, आणि राज्य सरकारने प्रसंगोपात्त जाहीर केलेली सर्वांत मोठी रक्कम, १,३८० दिवस. बंद्याचे नाव गोपाळ विनायक गोडसे. महात्मा गांधींच्या खुनाच्या कटाबद्दल लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यास आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली होती. आरंभी पंजाबातील तुरुंगांत ठेवून १९५० च्या मे महिन्यात त्याची रवानगी नाशिक रोडला करण्यात आली होती. काळे पाणी त्याने पाहिले नाही, कारण तेथे बंदी धाडण्याची रीतच एव्हाना संपली होती. पण शिक्षेचे नाव मात्र निकालपत्रात कायम होते.

प्रत्यक्ष भोगलेल्या वर्षांत हे माफीचे दिवस मिळविले तर बेरीज वीस वर्षांपलीकडे जाते, जन्मठेप म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वीस वर्षे, सबब आपला यापुढील बंदिवास बेकायदा आहे, असा त्याचा दावा होता; आणि हा दावा घेऊन तो राज्यघटनेच्या ३२ व्या अनुच्छेदान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या अपराधाने अवघे राष्ट्र हादरले, त्या अपराधातील शिक्षा भोगणाऱ्याविषयी वाचकाच्या मनात सहानुभूती असण्याचे काही कारण नाही, आणि या लेखकाचाही तसा आग्रह नाही. परंतु कायद्याचे कित्येक मूलभूत प्रश्न अप्रिय माणसांच्याच अर्जांवरून निकाली निघतात. आज महाराष्ट्रातील कोणत्याही कारागृहात बसून सुटकेचे दिवस मोजणारा जन्मठेप-बंदी, त्यास ठाऊक असो वा नसो, त्या अर्जावर झालेल्या निकालाच्या चौकटीतच ते मोजत असतो.

वीस वर्षांचा हा समज आला कोठून? त्याचे मूळ १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आहे. कित्येक अपराधांचा प्रयत्न करणाऱ्यास त्या अपराधाच्या कमाल शिक्षेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा द्यावी, असे त्या संहितेत सांगितले होते. पण ज्या अपराधास आजन्म हद्दपारी आहे तिचे निम्मे काढावयाचे कसे, मनुष्याचे आयुष्य किती हे आधी कोण सांगणार, अशी अडचण उभी राहिली, आणि ती सोडविण्यापुरते ५७ व्या कलमात म्हटले गेले की अपूर्णांक काढताना आजन्म शिक्षा वीस वर्षांची समजावी. त्याच संहितेच्या ५५ व्या कलमाने सरकारला दुसराही अधिकार दिला : आजन्म शिक्षा अपराध्याच्या संमतीवाचून बदलून जास्तीत जास्त चौदा वर्षांच्या कैदेत रूपांतरित करण्याचा. पहिले कलम केवळ गणिताची सोय होती, दुसरे सरकारची मर्जी होती. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड, जेथे मनुष्यास आकड्यांवाचून दुसरा आधार नसतो, तेथे या दोन संख्या कलमांतून सुटून स्वतंत्रपणे वावरू लागल्या. कोणी म्हणे जन्मठेप चौदा वर्षांची, कोणी म्हणे विसाची. आणि हा समज बराकींतून घरोघरी आणि गावोगावच्या पारांवर इतका रुजला की आजही वर्तमानपत्र वाचणारा सुशिक्षित गृहस्थ तो बिनदिक्कत बोलून दाखवितो.

इंग्रजी अंमलाच्या तुरुंगव्यवस्थेनेही या समजास खतपाणी घातले, यात शंका नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने शिक्षेत सूट देण्याचे नियम करण्याची मुभा दिली, आणि त्यांतून माफीची ती पद्धत वाढली जिच्यात बंद्याचे वर्तन, त्याचे काम, त्याने तुरुंगातील शिस्त राखण्यात केलेले साह्य, या सर्वांची किंमत दिवसांच्या चलनात ठरविली जाई. तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती फटक्यांइतकेच प्रभावी आणि फटक्यांहून स्वस्त असे हे साधन होते. पुढे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने अंदमानच्या वसाहतीवर कठोर ताशेरे ओढून तेथे बंदी पाठविण्याची पद्धत बंद करावी, अशी शिफारस केली. ती पुरतेपणी अमलात यावयास बरीच वर्षे लागली, तरी आजन्म हद्दपारीची शिक्षा झालेले बंदी मुख्य भूमीवरील तुरुंगांतच ठेवण्याचा प्रघात वाढत गेला. अंदमानातून परत आणलेल्यांची सुटकाही हिशेबाने नव्हे, हुकमाने होत असे. दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा झालेले विनायक दामोदर सावरकर ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून सुटले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यावयाचा नाही या अटींवर. ती मुदत पुढे वाढत जाऊन १९३७ पर्यंत लांबली. पन्नासांपैकी किती वर्षे भोगली आणि किती माफ झाली, हा प्रश्न तेथे कोणी विचारलाच नाही. सरकारास योग्य वाटले तेव्हा आणि वाटले त्या अटींवर सोडले, एवढेच.

हिशेबाचा प्रश्न न्यायासनापुढे नेण्याचे पहिले मोठे धाडस केले ते पंडित किशोरीलाल यांनी. भगतसिंगांच्या लाहोर कटाच्या खटल्यात १९३० साली आजन्म हद्दपारी झालेले हे गृहस्थ लाहोरच्या तुरुंगात चौदा वर्षे लोटल्यावर म्हणाले की, मला समुद्रापार धाडलेच नाही, तेव्हा माझी शिक्षा वास्तविक साध्या तुरुंगवासाचीच ठरते, आणि ती संपलेली आहे. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तेथील न्यायमूर्तींनी निर्णय दिला की हद्दपारीची शिक्षा समुद्रापारच भोगली पाहिजे असे नाही, ती हिंदुस्थानातील तुरुंगातही भोगता येते, आणि चौदा वर्षांनी सुटण्याचा हक्क बंद्यास नाही. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या २६ व्या अधिनियमाने, म्हणजे १ जानेवारी १९५६ पासून, ‘आजन्म हद्दपारी’ हे शब्द काढून टाकून त्यांच्या जागी ‘आजन्म कारावास’ घातला गेला. ग्रंथातील शब्द बदलले, पण या नव्या शिक्षेचा अंत केव्हा, हा प्रश्न त्या दुरुस्तीने अनुत्तरितच ठेवला.

तो प्रश्न सुटला १२ जानेवारी १९६१ रोजी, गोडसेच्या अर्जावर. घटनापीठाच्या वतीने निकाल लिहिला न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी, आणि विशेष हे की हेच सुब्बाराव पुढे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे कैवारी म्हणून विख्यात झाले. त्यांनी अर्जदाराच्या युक्तिवादाचे एकेक पाऊल तपासले. ५७ वे कलम अपूर्णांक काढण्यापुरते आहे, त्यावरून शिक्षेची मुदत ठरत नाही. जन्मठेप म्हणजे दोषी माणसाच्या नैसर्गिक आयुष्याचा उरलेला सर्व काळ. तुरुंगाच्या नियमांखाली मिळालेली माफी नावावर जमा होते खरी, पण ज्या रकमेतून ती वजा करावयाची ती रक्कमच अनिश्चित असल्यामुळे नुसत्या वजाबाकीने सुटकेची तारीख निघू शकत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४०१ व्या कलमाखाली सरकारने स्वतंत्र हुकूम काढून उरलेली शिक्षा माफ केली तरच दरवाजा उघडेल, आणि तसा हुकूम काढावयाचा की नाही हा सर्वस्वी सरकारचा प्रश्न. अर्ज नामंजूर झाला. २,८९३ दिवस दप्तरात होते तेथेच राहिले.

या निकालात तर्कदृष्ट्या खोट काढणे कठीण आहे, आणि तरीही त्याने एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण केली हे नाकारता येत नाही. जन्मठेप-बंद्यास शिस्तीत राहण्याबद्दल, व्यायामाबद्दल, अक्षरे गिरविण्याबद्दल दिवस मोजून दिले जात होते. अधीक्षक सहीनिशी त्यांची नोंद करीत होते. आणि आता कायदा सांगत होता की ही सारी पुंजी सरकारची मर्जी होईपर्यंत वटविता येणार नाही. सरकारची मर्जी कशी चालते, याचे प्रात्यक्षिक त्याच सुमारास मुंबईत दिसत होते.

नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी याने एप्रिल १९५९ मध्ये प्रेम आहुजाचा खून केला, ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, आणि ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा तहकूब करून त्यास नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा हुकूम काढला! सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात, अपील न्यायप्रविष्ट असताना राज्यपालांना असे करता येत नाही, असा निर्वाळा दिला आणि १९६१ च्या नोव्हेंबरात जन्मठेप कायम केली. परंतु कारागृहात गेलेला नानावटी थोड्याच काळाने प्रकृतीच्या कारणावरून पॅरोलवर लोणावळ्याच्या बंगल्यात राहावयास गेला, आणि मार्च १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यास माफी दिली. समाजाच्या प्रतिष्ठित थरातील सहानुभूती, वर्तमानपत्रांनी उठविलेली लाट आणि नौदलाचा शब्द यांनी जन्मठेपेची किंमत इतकी खाली आणली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पंडित यांच्याच कारकीर्दीच्या अखेरच्या दिवसांत, गोपाळ गोडसे आणि त्याच कटातील विष्णू करकरे व मदनलाल पाहवा यांचीही सुटका झाली. एकास तीनएक वर्षे, दुसऱ्यांस पंधराहून अधिक. अपराधांतही अंतर होतेच. पण त्या अंतराचे माप कोठल्या नियमात लिहिले होते, हे सांगता येणार नाही.

गोडसेच्या सुटकेचा पुढचा अध्याय अल्पजीवी आणि खळबळजनक ठरला. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्याच्या उद्यान कार्यालयात या सुटकेनिमित्त सत्यविनायकाची पूजा आणि स्वागतसमारंभ झाला, आणि अध्यक्षपदी असलेले लोकमान्य टिळकांचे दौहित्र, ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी भाषणात सांगून टाकले की गांधींच्या खुनाचा बेत आपल्याला आधीच कळला होता. वृत्तपत्रांत हे छापून येताच विधिमंडळात आणि संसदेत गदारोळ उठला. केतकर आणि गोडसे यांना भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली. आणि गोडसे पुन्हा वर्षभर स्थानबद्धतेत राहिला. या गदारोळातूनच कटाची पूर्वकल्पना कोणाकोणाला होती याच्या चौकशीसाठी प्रथम गोपाळ स्वरूप पाठक आणि १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग नेमला गेला. सुटकेचा हुकूम हा केवळ एका बंद्याचा खासगी मामला नसून सार्वजनिक घटना असते, हे त्या महिन्यात सरकारास प्रथमच इतक्या तीव्रतेने उमजले असावे. यापुढे प्रत्येक वादग्रस्त सुटकेच्या फायलीवर सही करताना जनक्षोभाचा विचार मंत्रालयात होऊ लागला, तो आजतागायत.

दरम्यान तुरुंगाचा दरवाजा कायमचा न उघडता थोडा किलकिला करण्याची दुसरी व्यवस्था आकार घेत होती. ‘कारागृहे (मुंबई फर्लो व पॅरोल) नियम’ १९५९ साली झाले आणि महाराष्ट्रात, अनेक दुरुस्त्यांसह, तेच दीर्घकाळ चालत आले. फर्लो म्हणजे संचित रजा : काही वर्षे नीट काढलेल्या बंद्यास विशेष कारण न दाखविता ठराविक दिवस घरी जाण्याची मुभा, हे दिवस शिक्षा भोगल्यातच जमा धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा : घरातील मृत्यू, गंभीर आजार, लग्न अशा निकडीसाठी, हे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, शिक्षा तेवढी पुढे सरकते. दोन्हींबाबत नियमांनी बजावून ठेवले आहे की हा बंद्याचा हक्क नव्हे.

या नियमांच्या मुळाशी जी कल्पना आहे, की बंदी आणि त्याचे घर यांचा धागा तुटू देऊ नये, ती महाराष्ट्राच्या मातीत त्याआधीच रुजली होती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, गांधींच्या प्रभावाखाली आलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने, आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत वसविली. तेथे कुंपण नव्हते, बंदी जमीन कसत, कुटुंबासह राहत. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली पडद्यावर आणलेला ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून स्फुरला. माडगूळकरांचे गाव त्याच परिसरातले, तेव्हा ही गोष्ट त्यांना कोणाकडून ऐकावी लागली नसेल. पुढे येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे निघाली. ज्या बंद्यास तेथे पाठवितात त्यास माफीही अधिक दराने मिळते, आणि म्हणूनच खुल्या कारागृहासाठी निवड होणे ही बंद्यांच्या जगात मोठीच बढती समजली जाते.

सत्तरीच्या दशकात वारे फिरले. खुनाच्या अपराधात जन्मठेप झालेले बंदी पाच-सहा वर्षांतच बाहेर येतात अशा तक्रारी संसदेच्या समितीपुढे आल्या, आणि १८ डिसेंबर १९७८ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम दाखल झाले : ज्या अपराधास देहान्ताची शिक्षा होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा देहान्ताची शिक्षा बदलून जन्मठेप केली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्यावाचून सुटका नाही, माफीचे दिवस यात धरावयाचे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा समावेश असलेल्या घटनापीठाने १९८० मध्ये मारूराम प्रकरणात हे कलम वैध ठरविले, मात्र पूर्वी शिक्षा झालेल्यांना ते लागू होणार नाही असे सांगितले. येथे एक उलटापालट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८६० मध्ये चौदा ही संख्या कमाल मर्यादा होती : सरकार शिक्षा बदलील तर चौदा वर्षांपेक्षा अधिक ठेवणार नाही. १९७८ मध्ये तीच संख्या किमान मर्यादा झाली : चौदांच्या आत सोडावयाचेच नाही. लोकांनी दोन्ही वेळा त्याचा अर्थ एकच केला, की जन्मठेप चौदा वर्षांची! राज्य सरकारने मात्र १९९२ मध्ये आणि पुन्हा १५ मार्च २०१० रोजी अपराधांची वर्गवारी करून चौदांपलीकडची निरनिराळी वर्षे ठरवून दिली. स्त्रियांवरील अत्याचार, टोळीयुद्ध, दहशतवाद अशा पायऱ्यांनी ती वाढत जातात.

ज्या काळी गोडसेचा अर्ज दिल्लीत चालला होता, त्या काळी खारघर-तळोजाच्या टापूत भातशेती, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. नवी मुंबई वसविणारी सिडको १९७० मध्ये जन्मास आली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी तळोजा मध्यवर्ती कारागृह उभे राहिले, ते ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातल्या आणि आर्थर रोडच्या कारागृहांतली असह्य गर्दी वाटून घेण्यासाठी. नियोजित शहराला नियोजित तुरुंग मिळाला. येथून काही किलोमीटरांवर, बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे, आणि नियमित अभिवचन रजेचे अर्ज मंजूर करण्याचा अधिकार नियमांनी ज्या अधिकाऱ्यास दिला तो हाच विभागीय आयुक्त; संचित रजेचे अर्ज कारागृह उपमहानिरीक्षकांकडे जातात. जमीन-महसूल आणि पुनर्वसन यांच्या फायलींत गढलेल्या अधिकाऱ्याने बापाच्या आजारपणात मुलाने घरी जावे की नाही हे ठरवावे, ही मुलखी कारभाराची जुनी देणगी.

अर्जाचा प्रवास पाहण्यासारखा असतो. बंदी अर्ज करतो. अधीक्षक त्याचे वर्तन आणि पूर्वीच्या रजांची माहिती जोडतात. मग मूळ गावच्या पोलीस ठाण्याकडे चौकशी जाते. तेथील अंमलदार फिर्यादी पक्षाचे म्हणणे घेतो, जामीनदार होऊ इच्छिणाऱ्या भावाची वा मेहुण्याची ऐपत पाहतो, आणि ‘बंदी गावी आल्यास शांतताभंग होण्याची शक्यता आहे’ असे ठरीव वाक्य लिहून अहवाल परत धाडतो. या एका वाक्यावर अर्ज नामंजूर झाल्याची, आणि मग उच्च न्यायालयाने केवळ पोलिसांच्या अशा मोघम अहवालावर विसंबणे अनुचित ठरविल्याची उदाहरणे न्यायालयाच्या निकालपत्रांत पानोपानी सापडतील. दरम्यान ज्या लग्नासाठी रजा मागितली ते लग्न होऊन गेलेले असते.

२०१६ साली एका गाजलेल्या खुनातील जन्मठेप-बंदी नाशिकहून पॅरोलवर सुटला तो परतलाच नाही. लोकक्षोभ उसळला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात नियम कडक झाले, बलात्कारादी अपराधांच्या बंद्यांसाठी दरवाजा जवळजवळ बंद झाला. एकाच्या पळून जाण्याची किंमत हजारो परतणाऱ्यांनी मोजावी, हा या क्षेत्राचा जुनाच शिरस्ता. त्यानंतर चार वर्षांनी करोनाच्या साथीने नेमके उलटे घडविले. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्च २०२० च्या आदेशावरून न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती बसली आणि ८ मे रोजी नियमांत आकस्मिक पॅरोलची नवी तरतूद आली : आरंभी ४५ दिवस आणि मग साथ असेपर्यंत तीस-तीस दिवसांची वाढ. सात वर्षांवर शिक्षा असलेल्यांसाठी अट घातली की पूर्वीच्या दोन रजांवरून ते वेळेवर परतलेले असावेत. परिणाम असा झाला की ज्याने आयुष्यात कधी रजाच घेतली नव्हती त्या बिचाऱ्याचा अर्ज, ‘दोनदा वेळेवर परतल्याचा दाखला नाही’ म्हणून फेटाळला जाऊ लागला. अखेर हा अर्थ चुकीचा असल्याचे उच्च न्यायालयास सांगावे लागले. घरी काढलेले हे दिवस शिक्षेच्या हिशेबात मात्र येत नाहीत. शेजारच्या गोव्यातील काही जन्मठेप-बंद्यांनी पॅरोलचा काळ चौदा वर्षांत धरावा असा अर्ज केला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२३ रोजी तो नाकारला : चौदा वर्षे म्हणजे गजांआडची चौदा वर्षे.

सही कोणाची, हा प्रश्न त्यानंतर वर्षभराने महाराष्ट्राच्याच संदर्भात ऐरणीवर आला. गुजरातेतील २००२ च्या दंगलीतील बिल्किस बानो प्रकरणाचा खटला मुंबईस चालला आणि २००८ साली येथेच अकरा जणांना जन्मठेप झाली. गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांना सोडून दिले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, कारण ज्या राज्यात दोषसिद्धी झाली त्या राज्याच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या सरकारलाच असा हुकूम काढण्याचा अधिकार होता. सुटलेले अकराही जण पुन्हा कारागृहात रुजू झाले.

आणि तळोजाच्या अबू सालेम या बंद्याने तर हा सगळा हिशेब आंतरराष्ट्रीय पातळीवर नेला. २६ नोव्हेंबर २००५ रोजी गोपाळ गोडसे पुण्यात वारला. त्याच महिन्याच्या ११ तारखेस अबू सालेम पोर्तुगालहून भारताच्या स्वाधीन झाला होता. पोर्तुगालमध्ये देहान्त नाही, जन्मठेप नाही, पंचवीस वर्षांवर कारावासही नाही. म्हणून तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी १७ डिसेंबर २००२ रोजी भारत सरकारच्या वतीने वचन दिले होते की त्यास देहान्त किंवा पंचवीस वर्षांपेक्षा अधिक शिक्षा होणार नाही. येथील विशेष न्यायालयाने मात्र बांधकाम व्यावसायिक प्रदीप जैन यांच्या खुनाबद्दल २०१५ साली आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांबद्दल २०१७ साली त्यास जन्मठेपच दिली. तळोजात असताना २०१८ मध्ये त्याने स्वतःच्या लग्नासाठी पॅरोल मागितला तो प्रशासनाने आणि उच्च न्यायालयाने नाकारला. मग प्रश्न उरला पंचवीस वर्षांचा. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारचे वचन न्यायालयांस बांधून ठेवीत नाही, शिक्षा जन्मठेपेचीच; परंतु सरकार आपल्या वचनाने बांधलेले आहे, सबब १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजून पंचवीस वर्षे पुरी होताच सरकारने राष्ट्रपतींना शिक्षामाफीचा सल्ला द्यावा आणि महिन्याभरात आवश्यक ते कागद रवाना करावेत. १९६१ मध्ये जी मर्जी सर्वस्वी मोकळी होती ती येथे प्रथमच तारखेने जखडली गेली, आणि तीही बंद्याच्या सद्वर्तनामुळे नव्हे, परदेशी सरकारला दिलेल्या शब्दामुळे.

२०२४ मध्ये सालेमची तळोजाहून बदली झाली, ती नाशिक रोडला. तेथून त्याने नवा अर्ज केला : कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ, शिक्षेचा काळ, पोर्तुगालमधील अटकेचे दिवस आणि सद्वर्तनाबद्दल मिळालेली सुमारे तीन वर्षांची माफी यांची बेरीज पंचवीस वर्षे होते, तेव्हा मला सोडा. अर्थात पंचवीसातून माफी वजा होते की नाही, हा प्रश्न पुन्हा उभा. एका बाजूला मुदत ठरलेली आहे, म्हणून गोडसेच्या निकालातील अनिश्चिततेचे कारण येथे लागू पडत नाही असे म्हणता येईल. दुसऱ्या बाजूला शिक्षा अद्याप जन्मठेपेचीच आहे आणि पंचवीस हा केवळ सरकारने सल्ला देण्याचा मुहूर्त आहे, असेही म्हणता येईल. मला स्वतःला दुसरे म्हणणे २०२२ च्या निकालाशी अधिक सुसंगत वाटते. ७ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका सुनावणीस दाखल करून घेतली, मात्र ऑक्टोबर २००५ पासून मोजता पंचवीस वर्षे प्रथमदर्शनी पुरी होत नाहीत असे नमूद करून तातडीने सोडण्यास नकार दिला. माफी न धरता मोजले, तर ती ऑक्टोबर २०३० मध्ये पुरी होतात.